उन्हात उडालेली हळद

स्टुटगार्ट,
ऑगस्ट

ती. अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतोय, मग पत्र कशाला, असं आई म्हणणार. पण फोन लावला की ठकी त्यावर झडप घालते. तुम्हाला दिसतं तिचं नाक नाहीतर आमच्या घराचं छत. आणि अण्णा, तुम्ही "बरं हाय न्हवं? घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होता. म्हणून कागद घेतला. ती दुपारी दीड तास झोपते, तेवढ्यात होईल तेवढं लिहितो.

गेल्या आठवड्यात ठकीची एक वर्षाची तपासणी झाली. इथं या तपासण्यांना नंबर असतात आणि सगळी नोंद एका पिवळ्या वहीत होते. ही सहावी. जन्मली तेव्हा तीन किलोला थोडी वर होती, आता नऊ भरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्या वर्षात वजन तिप्पट आणि उंची दीडपट होते, यात काही विशेष नाही. आम्हाला विशेषच वाटलं. उंची ७५ सेंटीमीटर, म्हणजे अण्णांच्या हिशोबानं अडीच फूट. आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फुटांना, धोका ४५ ला, तेव्हा काळजी नको.

हसू नका. ती झाली त्या रात्री फोन केला तर तुमचं पहिलं वाक्य होतं, "आयर्विनला पाणी चढाय लागलंय, कोयनेतनं सोडलंय." २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हापासून ऑगस्ट म्हटलं की तुमचा एक कान नदीकडंच असतो, मला माहीत आहे. मी म्हटलं, अण्णा, मुलगी झाली. तुम्ही थोडं थांबलात आणि म्हणालात, "मग उतरंल आता."

आई, तुला एक सांगायचं राहिलंय. तू पाठवलेली गुटी उगाळली, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, सगळं तू सांगितलंस तेवढेच वेढे. पण मध एक दिवसही चाटवला नाही. तू विचारायचीस आणि मी "हो हो" म्हणायचो. बाळंतपणानंतर इथं सुईणबाई घरी येतात, पहिले दहा दिवस जवळजवळ रोज, खर्च विम्यातून. त्यांनी वर्षाच्या आत मध नको म्हणून बजावलं होतं. मधात कधीकधी एका जिवाणूची बीजं असतात. आपल्या पोटात ती काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि त्यांच्या विषानं बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. तू आम्हा दोघांनाही मध चाटवलास, आम्ही ठणठणीत आहोत, हे तुझं उत्तर मला पाठ आहे. आता वर्ष झालंय. पहिलं बोट तूच चाटव.

बदला म्हणून एक गंमत ऐक. इथं बाळाला तेल लावायला शिकवणारे वर्ग असतात आणि त्याला चक्क ‘भारतीय मालिश’ म्हणतात! मी पैसे भरून गेलो. आठ जर्मन आया, आठ बाहुल्यांसारखी बाळं आणि एक सांगलीकर. बाईंनी मला विचारलं, तुमच्याकडे कसं करतात? मी खाली बसून पाय पसरले, ठकीला पायांवर पालथी घातली आणि तू व्हिडिओवर दाखवलंस तशी पाठ रगडली. वर्ग गप्प झाला. ठकी मात्र हसत होती. मग एकीनं भीतभीत पाय पसरले.

बोरन्हाणाचं मात्र मनासारखं झालं नाही. काळं झबलं होतं, मावशीनं पाठवलेले हलव्याचे दागिने होते, तुर्की दुकानात शेंगा मिळाल्या. पण बोरं नाहीत आणि ऊस नाही. सांगलीच्या पोरीच्या डोक्यावर उसाचा एक करवा पडू नये! चुरमुऱ्यांवर भागवलं.

आता अण्णा, तुमच्याशी.

मार्चमध्ये मी सात महिने घरी बसणार म्हटलं तेव्हा तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. मागून कुणीतरी "नोकरी गेली काय?" विचारल्याचं मला ऐकू आलं होतं. नोकरी आहे. इथं आईबाप दोघांनी रजा वाटून घेतली तर चौदा महिने सरकार पगाराचा बराचसा हिस्सा देतं. पहिले सात हिनं घेतले, उरलेले माझे. पहिल्या आठवड्यात मी दुपारी तीन वाजता उभ्यानं गार भात खाल्ला आणि आईची फार आठवण आली. तुमची आठवण यायला आणखी पंधरा दिवस लागले.

झालं असं की ठकी खिचडी खायला लागली आणि घरातलं एकूण एक झबलं पिवळं झालं. साठ डिग्रीच्या पाण्यात धुतलं तरी डाग हलेना. आईला फोन केला तर म्हणाली, "उन्हात टाक की रं, हळद उन्हानं उडती." मार्चमधलं इथलं ऊन म्हणजे नावाला. मी ते सांगत होतो आणि ती एकटीच हसायला लागली. मग म्हणाली, तुझ्या झबल्यावर पण असायचे.

अण्णा, आई बोलून गेली, तिच्यावर रागावू नका. आप्पा आजोबांच्या समोर स्वतःचं पोर घ्यायचं नाही, ही आपल्या घरची रीत. दिवसभर तुम्ही माझ्याकडं बघायचासुद्धा नाही. हळदीच्या हंगामात अडतीवरून रात्री यायचात, हात कितीही धुतले तरी बोटं पिवळीच. आणि सकाळी माझ्या पांढऱ्या झबल्यावर पाठीशी चार बोटं उमटलेली असायची. आई काही न बोलता ते झबलं भिजवून गच्चीवर टाकायची, आप्पा देवपूजेतून उठायच्या आत. दुपारपर्यंत उडून जायचं.

मी चाळिशीला आलो, मला हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला जे चोरून करावं लागलं ते करायला मला सरकार पैसे देतंय, एवढाच विचार त्या दिवशी भांडी घासताना घोळत होता.

सप्टेंबरात ठकी पाळणाघरात जाईल. पहिले काही दिवस बापानं तिथं कोपऱ्यात गप्प बसायचं, मग पाच मिनिटं बाहेर जायचं, मग अर्धा तास. सवय तिला लावायची म्हणतात, मला तसं वाटत नाही. गोवराची लस झालीय, त्याशिवाय घेतच नाहीत.

व्हिसाचे कागद लवकर भरा, बँकेचं पत्रक आणायला अण्णांनीच जावं. कुंची आणू नकोस आई, आता डोक्यात बसत नाही. भडंग आण. आणि अण्णा, येताना दोन किलो राजापुरी हळद आणा, इथली संपत आलीय. ठकीला खिचडी तुम्हीच भरवायची. डिसेंबरात इथं ऊन नसतं, डाग राहतील.

तुमचा,
धाकटा