पावसाळी आजारांबाबत सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
गोरेगाव (पूर्व), मुंबई.

विषय : पावसाळी आजार रोखण्यासाठी आवारात तातडीने करावयाची कामे

महोदय,

आपल्या तिन्ही विंगमध्ये गेल्या काही दिवसांत तापाचे रुग्ण वाढले असून, त्यावर उपाय म्हणून आवारात आठवड्यातून दोन वेळा धूरफवारणी करण्याचे समितीने ठरविल्याची सूचना फलकावर वाचली. सभासदांच्या तक्रारींची दखल घेतल्याबद्दल समितीचे आभार. परंतु सोसायटीचा पैसा योग्य जागी खर्च होत नाही, असे माझे स्पष्ट मत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

धुराने फक्त उडते डास मरतात. साचलेल्या पाण्यातील अळ्यांना व अंड्यांना त्याची झळ पोचत नाही आणि पावसाळी हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात, त्यामुळे आज धूर केला तरी पुढच्या आठवड्यात नवे डास हजर असतात. शिवाय डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो आणि एरवी घरातच पडद्यामागे, पलंगाखाली किंवा खुंटीवरच्या कपड्यांवर बसून राहतो. पार्किंगमध्ये सोडलेला धूर त्याच्यापर्यंत जाणार कसा? मशीनचा आवाज आला की आपण सगळेच आधी खिडक्या लावून घेतो. रुग्ण आढळलेल्या घरात व आसपास पालिकेचे कर्मचारी करतात त्या फवारणीचा उपयोग आहेच, पण दर आठवड्याला ठेकेदाराकडून धूर करून घेणे म्हणजे केवळ समाधान विकत घेणे होय.

एडिस फार लांब उडत नाही. तेव्हा आपल्याकडचे डास शेजारच्या नाल्यावरून येतात, असे जे सभेत वारंवार म्हटले जाते, ते निदान डेंग्यूच्या बाबतीत खरे नाही. मी गच्ची व आवार फिरून पाहिले असता सी विंगच्या दुचाकी शेडवरील निळी ताडपत्री मध्यभागी खोलगट होऊन तिच्यात वीतभर पाणी साचलेले दिसले. त्यावर हाताची सावली पडताच अळ्या वळवळत तळाशी जातात आणि थोड्या वेळाने वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाला तिरप्या लटकतात. बी विंगच्या गच्चीवरील टाकीत प्रकार निराळा आहे. तेथील झाकणाची बिजागरी तुटल्याने वर नुसता प्लायवूडचा तुकडा ठेवलेला असून आतल्या अळ्या पाण्यावर सपाट, आडव्या पडलेल्या आहेत. ही ठेवण अॅनोफिलीसची, म्हणजे मलेरियाच्या डासाची. मुंबईत मलेरिया पसरविणारा अॅनोफिलीस स्टिफेन्सी हा गटारात नव्हे, तर अशाच टाक्यांमध्ये, विहिरींमध्ये वाढतो.

म्हणून प्रत्येक टाकीला घट्ट बसणारे, कुलूप लावता येईल असे झाकण करून घ्यावे, ओव्हरफ्लो व व्हेंट पाइपांच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी, ताडपत्र्या उतार देऊन ताणून बांधाव्यात आणि लिफ्टच्या खड्ड्यातील पाणी नियमित उपसावे. आठवड्यातून एक दिवस ठरवून आवारातील सर्व भांडी, ड्रम, कुंड्यांखालच्या बश्या रिकाम्या कराव्यात. मात्र नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात, त्यामुळे आतील बाजू ब्रशने घासणे आवश्यक आहे. सदनिकांमधील मनी प्लांटच्या बाटल्या आणि फ्रिजच्या मागचा ट्रे समितीच्या अखत्यारीत येत नाहीत हे खरे, पण त्याबाबत विंगनिहाय आठवण करून देणे शक्य आहे. डासांची पैदास आढळल्यास पालिकेचा कीटकनाशक विभाग मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ खाली नोटीस बजावतो आणि सामाईक जागेबाबत ती सोसायटीलाच येते, हेही नम्रपणे निदर्शनास आणतो.

आता आजारपणाविषयी. ताप आल्यावर दोन-तीन दिवस घरीच गोळ्या घेत राहण्याची आपली सवय या दिवसांत धोक्याची आहे, कारण मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हे तिन्ही सुरुवातीला अंगदुखी व थंडीतापासारखेच वाटतात आणि रक्त तपासल्याशिवाय ओळखू येत नाहीत. डेंग्यूची एनएस-१ चाचणी, म्हणजे रक्तात या विषाणूचे प्रथिन शोधणारी तपासणी, पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके घेऊ नयेत, कारण डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूत खरी काळजी घ्यावयाची ती ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत. पोटात तीव्र दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची सुस्ती यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. सोसायटीच्या ग्रुपवर पपईच्या पानांच्या रसाचे संदेश फिरतात त्याऐवजी ही लक्षणे फिरली तर बरे होईल. मलेरियाच्या रुग्णांनी ताप उतरला म्हणून औषध मध्येच सोडू नये. व्हायवॅक्स प्रकारात जंतू यकृतात दडून राहतात आणि त्यासाठी डॉक्टर जो चौदा दिवसांचा कोर्स देतात तो पूर्ण न केल्यास ताप उलटतो. पालिकेच्या दवाखान्यांत मलेरियाची तपासणी व औषधे मोफत मिळतात.

लेप्टोस्पायरोसिसबाबत समितीची जबाबदारी मला सर्वांत मोठी वाटते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, त्यानंतर शहरात आलेली लेप्टोची साथ अनेकांना आठवत असेल. उंदीर व इतर जनावरांच्या मूत्रातून जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून, अगदी भेगेतूनही, शरीरात शिरतात. आपल्याकडे तळघरात पाणी भरले की त्यात उतरतात ते आपण सभासद नव्हे, तर रात्रपाळीचे वॉचमन आणि सफाई कर्मचारी, तेही रबरी चपला घालून. त्यांना गमबूट व हातमोजे सोसायटीने द्यावेत. अशा पाण्यातून गेलेल्यांनी २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे पालिका दर पावसाळ्यात सांगते. हे औषध सर्वांना सारखे चालत नाही. गर्भवती स्त्रिया व लहान मुलांसाठी ते वेगळे असते. कामगारांना त्यासाठी दवाखान्यात पाठविताना त्या दिवसाचा पगार कापला जाऊ नये. तापासोबत पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे किंवा लघवी कमी होणे ही लक्षणे दिसल्यास वेळ दवडू नये. कचऱ्याचे डबे रात्री उघडे राहतात, तोवर उंदीर कमी होणार नाहीत.

गॅस्ट्रो, कावीळ व टायफॉइड यांचा प्रश्न भूमिगत टाकीशी निगडित आहे. तिचे झाकण पार्किंगच्या फरशीलगत असल्याने पाणी तुंबले की ते थेट टाकीत उतरते, म्हणून तिच्या तोंडाभोवती बांधकाम करून ते उंच करावे. तसे पाणी शिरल्यास पंप त्वरित बंद करून टाकी उपसून, धुऊन व क्लोरीनने निर्जंतुक केल्याशिवाय वर पाणी चढवू नये, आणि तोपर्यंत सभासदांनी पाणी उकळूनच प्यावे. जुलाब सुरू होताच एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक पाकीट, हे प्रमाण सूचना फलकावर लावावे.

वरील कामे व त्यांचा खर्च येत्या समिती सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि धूरफवारणीच्या ठेकेदाराशी करार करण्याचा निर्णय तोपर्यंत स्थगित ठेवावा, ही विनंती. साप्ताहिक पाहणीसाठी माझ्यासह बी विंगमधील काही सभासद वेळ द्यायला तयार आहेत. गच्चीवरील टाकीच्या झाकणाचे काम मात्र सभेची वाट न पाहता लगेच हाती घ्यावे.

कळावे,

आपला विश्वासू,
सभासद, बी विंग