अक्कलकोट रोडवरच्या सीलवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

दुकानाचं नाव कुठे लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र उघडं लिहितोय. सोलापुरात यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, आरएक्स १००, चालवणाऱ्या सगळ्यांना तुमच्या काउंटरवरच्या गोष्टी कळायला हव्यात.

आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ साली बंद झालं. तिच्या मॅग्नेट साईडच्या क्रँक सीलची, म्हणजे फिरत्या क्रँक शाफ्टभोवती हवा-तेल अडवणाऱ्या रबरी कड्याची, पाकिटं आजही मिळतात, टिकणारं सील मिळत नाही. लिप (शाफ्टला टेकणारी आतली कड) कडक, तिला आवळणारी स्प्रिंग ढिली. थोड्याच दिवसांत रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही, प्लग पांढरा पडतो. मग सगळे कार्बोरेटरच्या मागे लागतात, जेट बदलतात, स्क्रू फिरवतात. खरं तर सीलमधून हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि एके दिवशी पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. क्लच साईडचं सील गेलं तर लक्षणं उलटी: गिअर ऑइल आत ओढलं जातं, धूर पांढरट, प्लग ओला, आणि गाडीखाली थेंबही नसताना ऑइलची पातळी उतरते. तुम्ही पहिला प्रश्न "कुठल्या साईडचं?" असा विचारलात, तो यासाठीच.

दुसरा प्रश्न मापाचा. जुनं सील हातात दिलं तर तुम्ही ते व्हर्नियरला लावलंही नाही. बरोबरच होतं. मोकळ्या सीलची लिप शाफ्टपेक्षा एखाद मिलिमीटर लहानच असते, म्हणून २५ च्या शाफ्टचं सील मोजलं तर २४ भरतं आणि माणूस २४ चं सील मागत गावभर फिरतो. बाहेरचं मापही फसवं असतं. रबर चढवलेलं नवं सील ४० च्या बोरला (ज्या भोकात सील बसतं ते) साधारण ०.१५ ते ०.३० मिमी जास्तच असतं, जुनं दबून कमी झालेलं असतं. शाफ्ट मोजा, बोर मोजा, खाचेची खोली मोजा, तेवढंच खरं. सीलवर २५-४०-७ छापलं असेल तर क्रम शाफ्ट, बोर, जाडी असा. (ही मापं नुसती उदाहरणाला आहेत. आरएक्सची लिहिली तर लोक न मोजताच मागायला येतील, आणि त्रास तुम्हालाच.)

मापाचं सील निघालं ते यंत्रमागाच्या मालातून. इथेच दुसऱ्या कुणी पैसे घेऊन मोकळं केलं असतं. तुम्ही "हे बसेल, पण चालणार नाही" म्हणालात. मागाचा शाफ्ट मिनिटाला दोनशे फेऱ्यांच्या आसपास फिरतो. आरएक्सची पूर्ण ताकद ७५०० फेऱ्यांना निघते, म्हणजे २५ मिमीच्या शाफ्टची कड लिपवर सेकंदाला जवळजवळ दहा मीटर घासते. साधं काळं नायट्राइल तिथे आपल्या मर्यादेला टेकतं. शिवाय पेट्रोल, बाजूला इंजिनची धग आणि प्रत्येक फेरीला एकदा ओढ, एकदा दाब. म्हणून व्हायटॉन, म्हणजे उष्णता आणि पेट्रोल सोसणारं रबर, तेही स्प्रिंगचं. रंगावर जाऊ नका हेही तुम्हीच सांगितलंत, तपकिरी रंग कुणीही देऊ शकतो.

एक गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. इतर दुकानांत सीलच्या माळा तारेत ओवून दारात उन्हात लटकवलेल्या असतात. तुमच्याकडे पत्र्याच्या डब्यात, आडवी, एकावर एक, खालच्या फळीवर. टांगलेल्या सीलची लिप वजनाने लंबगोल होते, आणि मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन रबराचं काय करतं ते वेगळं सांगायला नको. डब्यातून काढलेलं सील तुम्ही अंगठ्याने उलटं वाकवलंत, लिप नखाखालून पूर्ण एक फेरी फिरवलीत, स्प्रिंगचा जोड बोटाने चाचपलात, पहिलं बाजूला टाकलंत आणि दुसरं दिलंत. पहिल्यात काय खोट होती ते भिंग लावूनही दिसलं नसतं.

बसवण्याबद्दल तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलंत ते इथे उतरवतो. मॅग्नेट पुलरनेच काढायचा, ठोकून नाही. जुनं सील काढण्याआधी फोटो घ्यायचा, किती आत होतं ते मोजायचं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर बोरला ओरखडा येतो आणि नवं सील तिथूनच गळतं. शाफ्टवर नख अडकेल अशी खाच असेल तर सील मिलिमीटरभर अलीकडे थांबवायचं, म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येते. पॉलिश पेपर फक्त गोल फिरवायचा, लांबीच्या दिशेने ओढायचा नाही. शाफ्टच्या खाचेतली मॅग्नेटची चावी (लोखंडी पाचर) काढून घ्यायची, तिच्या खाचेवर पातळ टेप, लिपला ग्रीस, स्प्रिंगची बाजू आत, आणि सीलच्या कडेला टेकेल अशा सॉकेटने सरळ दाबायचं. काही इंजिनांत सीलला उठावाची कड असते, ती केसच्या खाचेत बसते. तिथे इंजिन फोडण्यावाचून गत्यंतर नाही आणि बाजारातलं साधं सील चालतच नाही.

चिठ्ठीतली शेवटची ओळ सर्वांत उपयोगी पडली: गळती तपासायला कार्बोरेटर आणि सायलेन्सरचं तोंड बंद करून फक्त ६ पीएसआय हवा, त्याहून जास्त दिली तर चांगलं सीलही बाहेर येऊ शकतं. मॅग्नेट साईडला साबणाचा एकही बुडबुडा आला नाही. गिअर ऑइलच्या भोकातून मात्र बारीक फुरफुर ऐकू येते, म्हणजे क्लच साईडचंही चाललंय. त्याचा शाफ्ट, बोर आणि खोली व्हर्नियरने घेऊन चिठ्ठी घेऊनच येतो. जुनं सील घरीच ठेवतो.

आपले,
आरएक्सवाले