रोटरच्या किती पाळ्या मारायच्या?

मा. संपादक साहेब,

आमच्या निफाड साइडला मका निघाला की लगेच ट्रॅक्टर वावरात, दोनदा रोटर (रोटाव्हेटर, माती बारीक करणारं फिरतं अवजार), मन नाही भरलं तर तिसऱ्यांदा, माती एकदम बारीक झाली तरच कांदा लावायचा, आणि मग त्याच वावरात दुकानातून जिवाणू खताच्या बाटल्या आणून ड्रिपमधून सोडायच्या. हे काही पटत नाही म्हणून लिहितोय.

कांद्याचं रोप उपटून मुळ्या बघा कधी. तोकड्या, फाटे कमी, केसमुळं तर जवळपास नाहीतच. त्यामुळे स्फुरद (फॉस्फरस) उचलायला या पिकाला मायकोरायझा बुरशीची गरज जास्त. ती मुळात शिरते अन् तिचे तंतू बाहेर मातीत पसरतात, डोळ्याला दिसणार पण नाहीत इतके बारीक, आणि रोटरची पाती नेमकं तेच जाळं तोडतात. कोबी-फ्लॉवरवाल्यांना याचं सोयरसुतक नाही, त्या पिकांचं या बुरशीशी जमतच नाही. कांदा, मका, द्राक्ष यांचं जमतं.

गंमत म्हणजे मशागतीनंतर पीक सुरुवातीला हिरवंगार दिसतं! ढेकळं फुटून हवा आत गेली की बॅक्टेरिया सेंद्रिय पदार्थावर तुटून पडतात, नत्र मोकळा होतो, कार्बन मात्र हवेत जातो, म्हणजे आपण मुद्दल खातोय. बॅक्टेरिया पुन्हा पटकन वाढतात, बुरशीला अन् गांडुळांना वेळ लागतो, तेवढ्यात आपला पुढचा रोटर हजर. शिवाय पात्यांच्या खाली घट्ट थर बसतो, पाणी मुरत नाही ते वेगळंच.

नांगर फेकून द्या असं नाही म्हणत. उन्हाळी नांगरटीनं किडींचे कोष उघडे पडतात हे खरंय. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांच्या एसआरटीत (सगुणा राइस टेक्निक, मुळात भातासाठीची पद्धत) कायमचे गादीवाफे असतात, नांगरट नाही, तणाला तणनाशक, ते आमच्या कांद्याला जसंच्या तसं बसेल असंही नाही (आणि तणनाशकाचं मला स्वतःला जरा खटकतंच). पण वाफसा (माती ना चिखल ना कोरडी) बघून एकच पाळी मारायची, धसकटं पेटवायची नाहीत, एवढं तर जमेल ना?

सॉइल हेल्थ कार्डवर १२ गोष्टी तपासून मिळतात, सेंद्रिय कर्बही त्यात आहे, पण जिवाणू-बुरशीचा रकानाच नाही. आणि रोटाव्हेटरला अनुदान आहेच. तुमच्या शेती पानावर यावर कुणा मृदाशास्त्रज्ञाला लिहायला लावा, आणि ते कांदा लागवडीच्या आधी छापा, नंतर छापून उपयोग नाही.

एक कांदा उत्पादक वाचक,
ता. निफाड, जि. नाशिक