प्रसूती केंद्रं उभी राहतील, पण सुईणी कुठून येणार?

प्रति,
मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

माननीय महोदय,
सविनय नमस्कार.

१० ऑक्टोबर २०२५ रोजी आपण दिल्लीत अफगाणिस्तानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी यांच्या हाती रुग्णवाहिका सोपवल्या. पाकिस्तानच्या सरहद्दीलगतच्या पक्तिका, खोस्त आणि पक्तिया या प्रांतांत भारत पाच प्रसूती केंद्रं बांधून देणार, हेही त्याच भेटीत जाहीर झालं. काबूलसाठी ट्रॉमा सेंटर, कर्करोग केंद्र, काबूलच्याच बाग्रामी भागात तीस खाटांचं रुग्णालय, अशी यादी मोठी होती. पण मी एकतीस वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम (सहायक परिचारिका आणि सुईण) म्हणून बाळंतपणं केली आहेत. माझं मन त्या पाच केंद्रांपाशीच अडकलं. कळा सुरू झालेली बाई तिथे आली, तर तिला हात कोण लावणार?

डिसेंबर २०२४ मध्ये तालिबानने नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षण देणारे वर्गही मुलींना बंद केले. सहावीपुढची शाळा आणि विद्यापीठ त्याआधीच गेलं होतं. शिकायची एवढीच वाट उरली होती. कित्येक मुली अर्ध्या अभ्यासक्रमातून घरी गेल्या. आणि ज्या डोंगराळ पट्ट्यात आपण बांधकाम करणार आहोत, तिथे बाळंतपणासाठी बाईला पुरुष डॉक्टरकडे नेणं बहुतेक घरांना मान्य नाही. म्हणजे आज कामावर असलेल्या सुईणी थकतील, गाव सोडतील, तेव्हा त्यांच्या जागी कुणीच नसेल.

बाहेरच्याला वाटतं, बाळ रडलं की सुटलो. आमचा जीव मात्र वार (बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती) पडेपर्यंत टांगलेला असतो. गर्भाशय आवळलं नाही, तर रक्त असं वाहतं की तास-दोन तासांत बाई हातची जाते. त्या वेळी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन लागतं (तेही थंड जपलेलं, नाहीतर त्याचं पाणीच), आणि पोटावरून गर्भाशय चोळणारा सराईत हात लागतो. वार पुरी पडली का, तुकडा आत राहिला का, हे बघणारी नजर लागते. माझ्या तिसऱ्याच वर्षी एका पावसाळी रात्री नदीला पूर होता, गाडी पलीकडे उभी होती आणि बाई माझ्यासमोर पांढरी पडत चालली होती. ती वाचली, कारण आमच्या मोठ्या सिस्टरने मला हे सगळं आधी हाताला धरून शिकवलं होतं. पुस्तकात मी ते वाचलं होतंच, पण वाचून हात तयार होत नाही.

असे हात तयार करण्याचं काम अफगाणिस्तानने एकदा करून दाखवलंय. २००२ मध्ये साऱ्या देशात पाचशेसुद्धा प्रशिक्षित सुईणी नव्हत्या आणि एक लाख जन्मांमागे सुमारे १६०० आया दगावत होत्या. मग गावानेच मुलगी निवडायची, अठरा महिने शिकवायची आणि परत त्याच गावात पाठवायची, अशी योजना सुरू झाली. काही वर्षांत सुईणींची संख्या हजारोंवर गेली आणि माता-मृत्यू उतरत गेले. १२ मे २०२० रोजी काबूलच्या दश्त-ए-बारचीमधल्या प्रसूती विभागात बंदूकधारी घुसले. २४ जण मारले गेले, त्यांत १६ आया आणि एक सुईण होती. एवढं होऊनही अफगाण बायकांनी हे काम सोडलं नाही.

आपल्या देशानेही तिथे इमारतींबरोबर माणसं दिली आहेत. काबूलमध्ये वैद्यकीय सेवेसाठी गेलेले मेजर डॉ. लैश्राम ज्योतिन सिंह २६ फेब्रुवारी २०१० च्या हल्ल्यात निःशस्त्र असताना हल्लेखोराला भिडले, साथीदारांना वाचवून स्वतः गेले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

म्हणून मागणं एवढंच आहे. या पाच केंद्रांचा करार होईल तेव्हा त्यात लिहून घ्या की प्रत्येक केंद्रात स्थानिक मुलींना सुईणीचं शिक्षण मिळेल. वर्ग म्हणायला तालिबानची ना असेल, तर ‘मदतनीस’ म्हणा; नावापेक्षा हात तयार होणं महत्त्वाचं. ज्या मुलींचं शिक्षण अर्ध्यावर तुटलं, त्यांना आधी घ्या. ज्या भारतात येऊ शकतात, त्यांना नर्सिंग कॉलेजांत जागा द्या, आणि सोबत बाप, भाऊ किंवा नवरा यांनाही व्हिसा द्या, कारण पुरुष नातेवाइकाशिवाय त्यांना लांबचा प्रवासच करू देत नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये आधीचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा घरी गेलेले पुण्यातले अफगाण विद्यार्थी तिकडेच अडकले होते. तसं या मुलींचं होऊ नये. ऑनलाइन शिष्यवृत्त्या आपण देता, त्या चांगल्याच आहेत; पण अडलेलं बाळ पडद्यावर बघून सोडवता येत नाही.

आनंदीबाई जोशींचं पहिलं बाळ दहा दिवसांत गेलं. बायकांना बाईच डॉक्टर हवी, हे सांगत त्या १८८३ मध्ये समुद्र ओलांडून गेल्या. पक्तिकातल्या एखाद्या मुलीच्या मनात आज तेच असेल.

शिकवायला माणसं लागली, तर महाराष्ट्रात माझ्यासारख्या निवृत्त नर्स पुष्कळ आहेत. त्या सरहद्दीवरच्या अनेकांची वर्षं पाकिस्तानातल्या निर्वासित छावण्यांत गेली, त्यामुळे उर्दू समजणाऱ्या मुली तिथे सापडतील. आमच्या हिंदीवर निभावेल. माझं वय एकसष्ट आहे, पासपोर्ट काढून ठेवला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, नंदुरबार जिल्हा