तुझी लाल गाडी अजून हौद्यातच आहे

प्रिय मित्रा,

सात-आठ महिन्यांत तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी एकदाही उलटा फोन केला नाही. आधी राहून गेलं, मग राहून गेल्याची लाज वाटून आणखी राहून गेलं. तब्येत बरी आहे. पाठ अधूनमधून धरते. आई काठी घेऊन हिंडते-फिरते, तुझी आठवण काढते. आता जे सांगायचं ते सांगतो, कारण चार रात्री डोळा लागलेला नाही.

तुझी लाल मोटारसायकल माझ्या पिकअपच्या हौद्यात उभी आहे. रविवारपासून. उतरवायला हात धजावत नाहीत.

दादा घर बदलतोय, म्हणून शेड रिकामी करायची होती. त्याच्या धाकट्याने आठवडाभर आधी जाऊन कार्ब्युरेटर धुतला, नवी बॅटरी बसवली आणि रविवारी माझ्यासमोर तिसऱ्या किकला ती बोलली. बारा वर्षांनी! तोच आवाज रे, सायलेन्सरच्या त्या भोकासकट. पोरगा नाचायला लागला आणि मीही विरघळलो. म्हटलं, ढकलत कशाला, इंजिनाच्या जोरावरच चढवू.

पिकअप उंच केली तेव्हा तू म्हणाला होतास, "खड्डे ओलांडशील, पण माल काय शिडी लावून चढवणार?" आणि त्यावरून मी दोन आठवडे तुझ्याशी बोललो नव्हतो. तुझं बरोबर होतं. लिफ्ट किटने चार इंच आणि मोठ्या टायरने दोन, मिळून पंधरा सेंटिमीटर वाढले. हौद्याचा मागचा फाळका उघडला की जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर असायचा, तो आता ९५ वर आहे. रॅम्प मात्र तोच जुना, सात फुटी. म्हणजे २२ अंशांचा चढ साडेसव्वीसचा झाला. गाडी १८० किलोची धर. आधी ६८ किलोचा जोर लागायचा, आता ८० चा लागतो. हा हिशोब मी सोमवारी रात्री मांडला. तो रविवारी सकाळी मांडायचा असतो. (तू असतास तर तोंडी करून टाकला असतास. परीक्षेत मात्र तुझ्या वहीतलं मी उतरवायचो आणि मार्क मलाच जास्त पडायचे, हे कोडं अजून सुटलेलं नाही.)

नुसता जोर वाढला असता तरी निभावलं असतं. रॅम्प जिथे फाळक्याला टेकतो तिथे कोपरा होतो, आणि चढ जितका उभा तितका तो कोपरा टोकदार. पुढचं चाक हौद्यात गेलं आणि इंजिनाखालचा गार्ड फाळक्याच्या काठावर टेकला. गाडी अडली. मी हँडल धरून बाजूच्या स्टुलावर, धाकटा मागून सीट ढकलतोय. अशा वेळी क्लच दाबून थांबायचं, एवढंच करायचं होतं. मी ॲक्सिलरेटर पिळला. मागचं चाक फिरलं आणि त्याने गाडी पुढे ढकलायच्या ऐवजी रॅम्पच मागे फेकला. त्याची वरची कड फाळक्यावरून सुटली आणि तो पत्रा पोराच्या दोन्ही पायांच्या मधून, नडगीपासून वीतभर अंतरावरून, सरळ मागे गेला. गाडी पोटावर लटकली. मी बटण दाबून इंजिन बंद केलं. नंतर चौघांनी उचलून ती आत घेतली.

पोरगा हसत होता. "काका, परत एकदा करूया!" मला मात्र त्याचा पाय दिसत नव्हता, तुझा दिसत होता.

रॅम्प बांधलेला नव्हता, मित्रा. रविवारीही नाही आणि बारा वर्षांपूर्वीही नाही. तू वर चढताना ओरडून विचारलंस, "बांधलास ना?" आणि मी म्हणालो, "बांधलाय." पट्टा माझ्या खांद्यावर होता. तुझा घोटा मोडल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की तूच जास्त रेस दिलीस. दादाला, आईला, तुझ्या बाबांनाही. तू एकदाच म्हणालास, "पट्टा बघ," आणि मी तुझ्यावर चिडलो. मग तू गाडी शेडमध्ये ठेवून गेलास आणि परत कधी तिचं नाव काढलं नाहीस. बारा वर्षं मी ते खोटं इतकं सांगितलं की मलाही खरं वाटायला लागलं होतं. रविवारी पत्रा घसरल्याचा आवाज आला आणि सगळं जसंच्या तसं आठवलं. माझी चूक होती. दोन्ही चुका माझ्या, रॅम्पची आणि नंतरची.

वाटेत गाडीला काही झालेलं नाही. पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून पुढे दोन, मागे दोन पट्टे लावले. पुढचे हँडलच्या टोकांना नाही, खाली शॉकअप जिथे धरलेत तिथे मऊ फास घालून. शॉकअप निम्मेच दाबले, ऑइल सील जुने आहेत. साइड स्टँड वर, गिअर पहिला. दहा किलोमीटरवर थांबून पाहिलं तर डावा पट्टा दोन खाचा सैल होता. उंच पिकअप वळणावर झुलते, वर हे वजन, त्यामुळे चाळीसच्या पुढे गेलो नाही. आता शॉकअप दबून राहू नयेत म्हणून पुढचे पट्टे थोडे सोडलेत.

उतरवायचं कसं ते ठरवलंय. पिकअप मागे घेऊन बांधाला लावायची, म्हणजे रॅम्पचं खालचं टोक बांधावर येईल आणि उंची ५५ च्या आसपास राहील, चढ पंधरा अंशांचा. रॅम्प दोन्ही बाजूंनी बांधायचा. इंजिन बंद, पहिला गिअर, आणि क्लच हळूहळू सोडत त्याचाच ब्रेक करायचा, कारण मागे उतरताना वजन मागच्या चाकावर जातं आणि पुढचा ब्रेक नुसता घसरतो. खाली कोणी उभं राहायचं नाही. धाकट्याला मी जवळही येऊ देणार नाही, रुसला तरी चालेल.

तुझी बदली झाल्याचं दादाकडून कळलं. नवी जागा कशी आहे? लेकीची दहावी ना यंदा? तिला माझे आशीर्वाद. वहिनींना नमस्कार सांग.

हे पत्र वाचून तू चिडलास तर चीड, शिव्या दे. पण गाडी तुझी आहे, तिला मी एकटा हात लावणार नाही. येशील का? पट्टे तू बांध, मी फक्त हँडल धरतो.

तुझाच