माळा रिकामा करण्यापूर्वी

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली की यंदा माळ्यावरचे सगळे काढून एकदाचे टाकून द्यायचे आहे, आणि मागून बाबांचा आवाज आला की काहीही टाकायचे नाही. फोनवर हा वाद मिटण्यासारखा नाही, म्हणून लिहीत आहे. मी येईपर्यंत दोघांपैकी कोणीही स्टुलावर चढू नये, आणि एकही पिशवी घराबाहेर जाऊ नये, एवढी माझी विनंती आहे.

गेल्या वर्षीची चूक माझी होती, हे मला मान्य करायचे आहे. एका दिवसात सहा पोती भरून मी घर 'मोकळे' केले आणि समाधानाने परत गेले. पुढच्या दोन महिन्यांत तुम्हाला दोरी, विजेची वायर आणि बाटली धुण्याचा ब्रश पुन्हा विकत आणावा लागला. त्याहून वाईट म्हणजे मी ओले, सुके, काच, औषधे, सेल असे सगळे एकाच पोत्यात कोंबले होते. असे पोते पुढे कोणी हौसेने उघडून निवडत बसत नाही. ओल लागलेली रद्दी रद्दीच्याही कामाची उरत नाही, आणि ढिगाऱ्याखाली दबलेला ओला कचरा हवा न मिळाल्यामुळे कुजून मिथेन वायू सोडतो. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत, पण स्क्रूंचा पत्र्याचा डबा त्यांनी पोत्यातून गुपचूप काढून घेतला होता, हे मला नंतर कळले. तो डबा यंदा आहे तिथेच राहील.

या वेळी मी आठ दिवस राहणार आहे आणि दिवसाला एकच कपाट उघडायचे, असे ठरवले आहे. आधी निवडणे आणि मग पुसणे, हा क्रम मोडायचा नाही, कारण धूळ झटकण्याच्या घाईतच चांगल्या वस्तू केरात जातात. जी वस्तू दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल ती धुऊन, पुसून, चालते का ते पाहूनच द्यायची. बिघडलेली वस्तू देणे म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात ठेवणे होय. बाबा, ज्या चार्जरचे यंत्रच आता घरात नाही, ते चार्जर 'कधीतरी लागेल' या सदरात मोडत नाहीत, एवढे मात्र तुम्ही मान्य करा.

आई, औषधांच्या खणात मागच्या बाजूला, कापसात गुंडाळलेला, पाऱ्याचा जुना थर्मामीटर आहे. त्याला सध्या हात लावू नकोस. पारा साध्या तापमानालाही वाफ होऊन हवेत मिसळतो, त्यामुळे नळी फुटली तर ते चकाकणारे थेंब झाडूने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने गोळा करायचे नसतात. त्याने ते बारीक होऊन आणखी पसरतात. खिडक्या उघडून, जाड कागदाच्या कडेने थेंब एकत्र करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावे लागतात. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार 2013 साली झाला आणि असे थर्मामीटर बनवणे 2020 पर्यंत थांबवायचे त्यात ठरले, पण घराघरांतल्या खणांत ते अजून पडून आहेत. आपला थर्मामीटर मी डबीत घालून घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात नेऊन देईन. जुन्या ट्यूबलाइटमध्येही थोडा पारा असतो, म्हणून त्या न फोडता उभ्या ठेवाव्यात. रिमोटचे सेल वेगळ्या डब्यात टाका, घड्याळातल्या चपट्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, आणि बाबांच्या जुन्या मोबाइलची बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबून पाहू नका. तिला आग लागू शकते.

मुदत संपलेल्या गोळ्या गेल्या वर्षी मी नळाखाली सोडून दिल्या होत्या, तेही चुकलेच. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा औषधे काढून टाकण्यासाठी बांधलेली नसते. या वेळी त्या एका पिशवीत बाजूला ठेव; परत घेण्याची सोय कोठे आहे ते मी औषधाच्या दुकानात विचारते.

साफसफाईसाठी नवीन बाटल्या आणू नयेत. आई, तू खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढतेस, तो दिसतो जोरदार, पण दोघे एकमेकांना मारतात आणि शेवटी जवळजवळ खारट पाणीच उरते. नळावरचे पांढरे क्षार व्हिनेगरने निघतात आणि चिकट ओटा सोड्याने घासला की स्वच्छ होतो. दोन्ही वेगवेगळे वापर. संगमरवराला व्हिनेगर मुळीच लावू नकोस, आणि ब्लीचमध्ये तर ते कधीही मिसळू नकोस, कारण त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

पुसायला फडकी घरचीच पुरतील. फाटलेली सुती चादर हातभर तुकड्यांत फाडून ठेव. पॉलिस्टरचे कापड पाणी शोषत नाही, नुसते फिरवत राहते. आरशासाठी बाबांच्या जुन्या बनियनला तोड नाही (बाबा, नवीन बनियन मी आणत आहे, त्यामुळे रागावू नये). सामान नीट लावण्यासाठी प्लॅस्टिकचे नवे डबे घ्यावेत, असे शेजारून कोणी सुचवले तर ऐकू नका. निवड झाल्यावर निम्मे जुने डबेच रिकामे सापडतील.

माळ्यावरच्या ट्रंकेतले पत्रांचे गाठोडे मी उघडणार नाही. ते राहावे की जावे, हे तुम्ही दोघांनी ठरवावे आणि त्याची घाई नाही. तोवर बाबांनी महिन्याभराची वर्तमानपत्रे रद्दीत न देता जपून ठेवावीत. माळा उतरवताना खाली अंथरायला ती लागतील.

तुमची,
लेक