सुवर्णकमळ मिळाले, चित्रपट पाहायचा कुठे?

सरत्या २०२५ मधील राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा आढावा घेणारा आपला लेख वाचला. शाहरुख खान आणि विक्रांत मॅसी यांना विभागून मिळालेल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या पुरस्कारावर त्यात रकानेच्या रकाने आहेत. मॅसी यांच्या ‘ट्वेल्थ फेल’ची गोष्ट चंबळच्या मुलाची, त्यामुळे ग्वाल्हेरकरांना त्याचे कौतुक जरा जास्तच, ते समजण्यासारखे आहे. पण २३ सप्टेंबरला विज्ञान भवनात चिमुकली बालकलाकार त्रिशा ठोसर साडी नेसून पुरस्कार घ्यायला राष्ट्रपतींसमोर गेली, तिचा ‘नाळ २’ हा चित्रपट मात्र लेखात एका ओळीत आटोपला. बालकलाकारांच्या पाच पुरस्कारांपैकी चार मराठी चित्रपटांतील मुलांना मिळाले. ‘नाळ २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला, ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी आशिष बेंडे यांना पदार्पणातील दिग्दर्शनाचा मान मिळाला.

हे चित्रपट २०२३ चे. पुरस्कार हाती येईपर्यंत ते चित्रपटगृहांतून कधीच उतरलेले असतात आणि इथे ग्वाल्हेरात मराठी चित्रपट लागतो तोच मुळात क्वचित. लागलाच तर एखादा खेळ, तोही अडनिड्या वेळी. पूर्वी दूरदर्शन रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवत असे. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराघरांत तेव्हा बंगाली, मल्याळम चित्रपटही जेवणे उरकून पाहिले जात, कळो न कळो! पुरस्कार सरकारचे, वाहिनीही सरकारी. मग सोहळ्यानंतरच्या रविवारपासून विजेते चित्रपट ओळीने दाखवायला अडचण कसली? आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी.

– एक वाचिका, लष्कर, ग्वाल्हेर